‘क्रिस्तपुराणा’तील करुण: निरपेक्ष की सापेक्ष?

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ला (१६१६) मराठी वाङ्मयेतिहासाने स्थान दिले ते मुख्यतः मराठीच्या स्तुतिपर ओव्यांमुळे. पाठ्यपुस्तकांतून त्या इतक्या फिरल्या, की सुमारे अकरा हजार ओव्यांचे उर्वरित पुराण ही त्यांची पुरवणी वाटावी. ‘दुसरे पुराण’ ज्या दुःखसहनाच्या व पुनरुत्थानाच्या कथेकडे वळत जाते, आणि जिच्यासाठी चर्चच्या वर्षात चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखलेला असतो, तिचा रसविचार मात्र क्वचितच झाला.

तो वाटतो तितका सरळही नाही. भरताने करुण आणि विप्रलंभ यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. करुण निरपेक्ष, विप्रलंभ सापेक्ष; एकात पुनर्भेटीची आशा उरत नाही, दुसऱ्यात ती शिल्लक असते. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त करुणविप्रलंभ मानला तो मृत प्रियजन पुन्हा लाभणार असेल तेव्हाच, ‘कादंबरी’तील महाश्वेता आणि पुंडरीक हे त्याचे उदाहरण. ही कोटी शृंगाराची असल्याने क्रुसाजवळच्या मातेला ती जशीच्या तशी लावणे अप्रस्तुत होईल. परंतु आशा ठाऊक असताना शोक हा शोक राहतो काय, हा तिच्यामागील प्रश्न दुःखसहनाच्या कथेला थेट भिडतो. श्रोत्याला तिसरा दिवस ठाऊक आहे. पांगलेल्या शिष्यांना त्याचा भरवसा नाही. शुक्रवार आणि रविवार यांमधील त्या शनिवारी पात्रांचा शोक निरपेक्ष असतो आणि श्रोत्याचा सापेक्ष. पुराणप्रकार या अंतराला फारसा अनुकूल नाही, कारण अवताराचे क्लेश लीला म्हणून ऐकण्याची सवय त्यानेच लावलेली आहे. स्टीफन्सना ते क्लेश खरे ठरवायचे आहेत. ते खरे नसतील तर तारणही खरे नाही.

धर्मशास्त्रीय विवेचन सहसा येथे थांबते. समीक्षेने थांबू नये. हे पुराण ज्या साष्टीच्या श्रोत्यांपुढे आले, तेथे १५६७ मध्ये देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइटांची हत्या झाली आणि तिच्यापाठोपाठ गावच्या पुढाऱ्यांनाही ठार मारण्यात आले. पहिल्याच अवस्वरूत एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूंना विचारतो, की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? प्रश्न नम्र आहे, पण त्यामागे एक हानी आहे, आणि त्या हानीला तिसरा दिवस नाही. कवीने हा प्रश्न दडपला नाही, ग्रंथाच्या दारातच ठेवला, हे त्याचे मोठेपण. उत्तर मात्र तो दुसऱ्याच एका दुःखाच्या कथेने देतो.

ग्रंथाच्या वाट्याला पुढे जे आले तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. १६५४ नंतर गोव्यात त्याची छपाई झाली नाही. १६८४ मध्ये तर राज्यकर्त्यांनी देशी भाषेवरच हुकूम काढला. ओव्या टिकल्या त्या दक्षिणेकडे, कानडा प्रांतातील ख्रिस्ती घरांत, हस्तलिखितांच्या आधारे. टिपूने १७८४ मध्ये श्रीरंगपट्टणास नेलेले बंदी याच ओव्यांनी स्वतःचे सांत्वन करीत, अशी त्या समाजाची परंपरागत आठवण आहे. १७९९ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, त्यांना आपल्या सुटकेचा दिवस ठाऊक नव्हता. पात्र आणि श्रोता यांतील वर सांगितलेले अंतर तेथे बरेचसे मिटले असले पाहिजे. मंगळूरची १९०७ ची छापील आवृत्ती निघाली ती याच प्रदेशात जपलेल्या हस्तलिखितांवरून.