रॉसची शाळा आणि सेक्स्टनची बंदी

आयर्लंडमध्ये नवीन आलेल्या मराठी माणसाचा पहिला गोंधळ 'कॉलेज' या शब्दावर होतो. इथे कॉलेज म्हणजे बऱ्याचदा बारा ते अठरा वयाच्या मुलांची शाळा. मी राहते त्या क्लोनडॉकिनमधलं मॉइल पार्क कॉलेज ही शाळाच, आणि पलीकडे समुद्राच्या बाजूचं ब्लॅकरॉक कॉलेज हीसुद्धा शाळाच. पहिलीत फी नाही, दुसरीत वर्षाला काही हजार युरो. (शिक्षकांचे पगार मात्र दोन्हीकडे सरकार देतं. हे सांगितलं की आपले पालक पुन्हा एकदा विचारतात, 'दोन्हीकडे?')

या फीवाल्या शाळांची आपसातली खुन्नस हा दक्षिण डब्लिनचा वार्षिक सण आहे. लेन्स्टर स्कूल्स सीनियर कप ही रग्बी स्पर्धा १८८७ पासून चालू आहे आणि ब्लॅकरॉकने ती साठाहून जास्त वेळा जिंकली आहे. बेल्व्हेडिअर, क्लाँगोज वुड, टेरेन्यूर, सेंट मेरीज ही बाकीची मोठी नावं. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या सामन्याला अख्खी शाळा गाणी पाठ करून येते, आणि बापलोक स्वतःच्या जुन्या शाळेचा मफलर घालून.

हे जग समजून घ्यायचं तर पॉल हॉवर्डची 'रॉस ओकॅरल-केली' मालिका वाचा, असं मी सगळ्यांना सांगते. रग्बी युनियन १९९५ मध्ये व्यावसायिक झाली. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, संडे ट्रिब्यूनच्या स्तंभात रॉस अवतरला. पुढे तो आयरिश टाइम्समध्ये गेला, वीसहून जास्त पुस्तकं झाली, शेवटचं २०२४ मध्ये आलं. रॉस हा कॅसलरॉक कॉलेज या काल्पनिक शाळेचा हिरो. शाळेत कप जिंकला आणि त्यानंतर आयुष्यात काही म्हणजे काही केलं नाही. चाळिशी ओलांडली तरी कुणी त्या कपाबद्दल विचारलं की डोळे भरून येतात.

हॉवर्डची खरी कमाल भाषेत आहे. रॉस 'राइट'ला 'रॉइश' म्हणतो, 'गाइज'ला 'गॉइज', आणि ते तसंच छापलेलं असतं. आपल्याकडे छापील पानावर उच्चार जसाच्या तसा येतो तो बहुतेक वेळा गावाकडच्या माणसाचा, कोकणातल्या म्हाताऱ्याचा, नाहीतर घरकामाला येणाऱ्या बाईचा. सदाशिव पेठेतला माणूस 'प्रमाण' बोलतो, त्यामुळे त्याचा उच्चार लिहून दाखवायची गरज कुणाला वाटत नाही. हॉवर्डने श्रीमंतांचा उच्चार 'अशुद्ध' ठरवला. मराठीत हे कुणी केलेलं मला तरी आठवत नाही, आणि कुणीतरी करायला हवं.

आता तक्रार. रॉस फार गोड आहे. तो बायकोला फसवतो, बायकांबद्दल वाट्टेल ते बोलतो, गरिबांना हसतो, आणि शेवटी 'मठ्ठ आहे, पण मनाचा चांगला' म्हणून सुटतो. या पुस्तकांवर खदखदून हसणारे कितीतरी जण त्याच शाळांमधून आलेले असतात, आणि मला ते साहजिक वाटतं. ज्याची टवाळी चाललीय त्याला आपण लाडके आहोत हे नीट कळतं.

त्याच शाळांमधून खरे खेळाडूही येतात. जॉनी सेक्स्टन सेंट मेरीजचा. २० मे २०२३ रोजी डब्लिनच्या अवीवा स्टेडियमवर चॅम्पियन्स कपची फायनल झाली. लेन्स्टर १७-० ने पुढे होतं आणि ला रोशेलकडून २६-२७ असं हरलं. सेक्स्टन दुखापतीमुळे खेळतच नव्हता. सामना संपल्यावर तो मैदानात जाऊन रेफरी याको पेपरला बोलला. जुलैमध्ये तीन सामन्यांची बंदी आली. ते तिन्ही होते विश्वचषकाआधीचे सराव सामने. ९ सप्टेंबरला बोर्दोमध्ये रुमानियाविरुद्ध तो पुन्हा कर्णधार म्हणून उतरला. सेक्स्टन मोठा खेळाडू आहे, वाद नाही. पण हॉवर्डने हा प्रसंग रचला असता तर संपादक म्हणाला असता, शिक्षा एवढी सोयीची नको, कुणाला खरी वाटणार नाही.

दुसरं प्रकरण फार वेगळं, आणि दोन्ही एका तागडीत घालू नयेत. २०१८ च्या मार्चमध्ये बेलफास्टच्या ज्युरीने अल्स्टरच्या दोन खेळाडूंना बलात्काराच्या आरोपातून निर्दोष ठरवलं. एप्रिलमध्ये आयरिश रग्बी युनियन आणि अल्स्टरने तरीही त्यांचे करार रद्द केले. खटल्यात मित्रांच्या ग्रुपमधले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचले गेले होते. युनियनने निवेदनात आदर, समावेशकता आणि सचोटी ही खेळाची मूल्यं असल्याचं म्हटलं. ती मूल्यं लोकांना ऐकवायची वेळ आली ती मेसेज कोर्टात वाचले गेल्यावर. पंचविशीतल्या पगारी खेळाडूला आचारसंहिता लागू होते. पण बायकांबद्दल ग्रुपमध्ये कसं बोलायचं आणि कशाला टाळी मिळते हे पोरं सोळाव्या वर्षी शिकतात, आणि तिथे नियामक मंडळ नसतं. त्या वयातली जी बडबड हॉवर्डने इतकी अचूक टिपली, ती २०१८ नंतर वाचताना माझं हसू अर्ध्यावर राहतं. आधीची पुस्तकं तेव्हाच लिहिली गेली, ते ठीक. पण नंतरच्या पुस्तकांतही रॉसच्या बोलण्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागते असं फारसं दिसत नाही. लेखक इथे बिचकला, असं माझं मत.

शालेय खुन्नस आपल्याला नवी नाही. हॅरिस शील्ड आहेच. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळीने ६६४ धावांची भागी केली, ती शालेय सामन्यातच. पण तेंडुलकर मुळात वांद्र्याच्या शाळेतला. क्रिकेटसाठी त्याने शाळा बदलली आणि दादरला आला. मुंबईत शाळा ही खेळाकडे जायची बस होती, जमेल त्याने चढावं. डब्लिनमध्ये ती बरीचशी घराण्याची मालमत्ता. लेन्स्टरमध्येही टलोचा शॉन ओब्रायन किंवा वेक्सफर्डच्या शेतकरी घरातला टाइग फर्लाँग यांच्यासारखे बाहेरून आलेले आहेत, पण त्यांची नावं बोटांवर मोजून सांगावी लागतात, यातच सगळं आलं.

मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हल्ली 'मुलाला फीवाल्या शाळेत घालू का' हा प्रश्न सारखा येतो. उत्तरं येतात ती निकालांची आणि ओळखींची. ड्रेसिंग रूममध्ये काय बोललं जातं हे कुणी विचारत नाही, आणि ओपन डेला ते दाखवतही नाहीत.

वाचायला सुरुवात करणार असाल तर रोनन येईपर्यंत थांबा. रोनन हा रॉसचा मुलगा, उत्तर डब्लिनच्या फिंगलसमध्ये आईकडे वाढलेला. बापापेक्षा शंभरपट हुशार. त्याचाही उच्चार हॉवर्ड जसाच्या तसा लिहितो, म्हणजे वर मी ज्याचं कौतुक केलं ती सुरी खालीही चालते. फक्त रोननला आपण कसे ऐकू येतो हे पक्कं ठाऊक असतं. आमच्या गल्लीत संध्याकाळी फुटबॉल खेळणारी पोरं जवळपास तसंच बोलतात, त्यातल्या दोघांच्या घरी मराठी चालते. त्यांचं 'आई, आय'म स्टारव्हिन' कुठल्या स्पेलिंगमध्ये लिहायचं, हा हॉवर्डलाही न पडलेला प्रश्न आहे.