वालूरची बारव आणि कॅमेऱ्याचे गणित

वालूरची बारव आज बहुतेकांनी पाहिली आहे ती आकाशातून. सेलू तालुक्यातल्या या गावातील बारवेच्या पायऱ्या सरळ न उतरता गोल वळत पाण्याकडे जातात. ड्रोन बरोबर डोक्यावर नेऊन टिपलेले तिचे चक्र फोनवर सतत फिरत असते. रोहन काळे यांच्या बारव मोहिमेने राज्यभरच्या बारवा नकाशावर आणल्या, गावोगावी गाळ उपसला गेला, टपाल खात्याच्या चित्रपत्रांवर परभणी जिल्ह्यातील बारवाही आल्या. या सगळ्यात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवे. मोहीम मात्र पुढे गेली आणि छायाचित्रण त्या एका चित्रापाशी अडकून पडले.

वरून घेतलेल्या चित्रात खोली नाहीशी होते. काळ्या बेसॉल्टच्या पायऱ्या भरदुपारी एकमेकींत मिसळतात, सावली नसते, माणूस नसतो. वालूरचे ते वळण अंगणात काढलेली रांगोळी आहे की जमिनीच्या पोटात उतरणारा जिना, हे चित्रावरून सांगता येत नाही. काठावरून घेतलेल्या चित्रांची अडचण वेगळी. पिंगळीच्या बारवेला एका चौकटीत बसवण्यासाठी रुंद भिंग लावले जाते आणि सरळ कडा फुगतात, काटकोन पसरट होतात. पाथरवटाने सूत ताणून, गुण्या लावून, ओळंबा सोडून जे साधले, ते भिंग एका क्षणात मोडते. हा तांत्रिक दोष म्हणून सोडून देण्यासारखा नाही. बारवेचे सौंदर्य मापात आहे, आणि माप चुकलेले चित्र तिच्याबद्दल खोटे बोलते.

जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांचे २००४ मधले काम मला इथे महत्त्वाचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी जर्मनीत विद्यार्थ्यांना समीकरणे डोळ्यांनी दिसावीत म्हणून प्लास्टरचे नमुने बनवले जात. त्यातले काही टोकियो विद्यापीठात आहेत. अशाच नमुन्यांची छायाचित्रे मॅन रे यांनी १९३०च्या दशकात पॅरिसला घेतली होती, पण त्यांना त्यांत माणसे आणि नाटके दिसली. सुगिमोतोंनी नाटक बाजूला ठेवले. मागे काळोख, मोठा कॅमेरा नमुन्याच्या किंचित खाली आणि कडेने येणारा उजेड. टेबलावर मावणारी वस्तू सुमारे दीड मीटर उंचीच्या कृष्णधवल मुद्रेत मनोऱ्यासारखी उभी राहते. त्यांपैकी दिनी या इटालियन गणितज्ञाच्या नावाचा पृष्ठभाग पाहताना वालूर आठवल्याशिवाय राहत नाही. स्थिर ऋण वक्रतेच्या पृष्ठभागाला पीळ दिला की तो वळत वळत वर चढतो. वालूर तशीच वळत खाली जाते. सुगिमोतोंनी सूत्राला वजन दिले. आपण दगडाचे वजन काढून घेतो आणि नुसती आकृती मागे ठेवतो.

खोलीचे गणित आपल्याला परके होते असेही नाही. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या ‘लीलावती’त खातव्यवहार हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख आजही तिथे आहे. वालूरच्या कारागिरांनी लीलावती वाचली होती असा दावा मी करणार नाही. पण त्या प्रकरणातला एक नियम छायाचित्रकारांनी जरूर वाचावा. वर रुंद आणि खाली अरुंद खड्ड्याचे घनफळ काढताना भास्कराचार्य मुखाचे क्षेत्रफळ घेतात, तळाचे घेतात आणि दोन्हीकडच्या बाजूंची बेरीज करून येणारे तिसरेही घेतात. त्या तिन्हींच्या बेरजेला सहाने भागून खोलीने गुणले की उत्तर मिळते. नुसत्या मुखावरून खड्डा कळत नाही. ड्रोन फक्त मुख पाहतो.

बरे काम झालेले नाही असे नाही. महाशिवरात्रीला बारवांमध्ये दीपोत्सव होतात, त्या रात्रीची काही चित्रे मला दिवसाच्या सगळ्या चित्रांहून सरस वाटतात. कॅमेरा तिपाईवर, झडप काही सेकंद उघडी, आणि पायरी-पायरीवर पणती. प्रत्येक ज्योत एक उंची सांगते, त्यामुळे डोळा न चुकता खाली उतरतो. उत्साहाच्या भरात टिपलेल्या या चित्रांत जी शिस्त आली, ती ठरवून केलेल्या कामात का येऊ नये?

काळाचा प्रश्न तर कोणी हातीच घेतलेला दिसत नाही. सुगिमोतोंच्या चित्रपटगृहांच्या मालिकेत अख्खा चित्रपट संपेपर्यंत कॅमेऱ्याची झडप उघडी असते आणि पडदा निव्वळ उजेडाने भरून जातो. बारवेचा काळ पाण्यात असतो. चांगल्या पावसाच्या वर्षी भाद्रपदात बुडालेल्या पायऱ्या चैत्रापर्यंत एकेक करून उघड्या पडतात, आणि मराठवाड्यात हे पाणी उतरणे म्हणजे वर्षाचा हिशेबच. एकाच जागेवरून वर्षभर घेतलेली अशी मालिका माझ्या पाहण्यात नाही.

ती करणे अवघड नाही. काठावरून, मधल्या पायरीवरून आणि पाण्यालगतच्या पायरीवरून, दर महिन्याच्या पौर्णिमेला, त्याच वेळी, तेच भिंग. शेजारी उंचीच्या खुणा केलेली एक काठी. बारा महिन्यांत छत्तीस चित्रे होतील. त्यानंतर पिंगळी, मग जिंतूर तालुक्यातले चारठाणे. परभणीच्या तरुण छायाचित्रकारांनी येत्या मृगापासून वालूरपासून सुरुवात करावी, आणि ड्रोन त्या वर्षापुरता घरी ठेवावा.