विंचवाचा प्रकाश आणि आपली परिभाषा

किनवट-माहूरच्या डोंगरउतारांवर किंवा लातूरकडच्या दगडी बांधांवर अंधाऱ्या रात्री जंबुपार किरणांची विजेरी फिरविली असता विंचू हिरवट-निळा उजळून दिसतो. अशी छायाचित्रे अलीकडे हौशी निसर्गनिरीक्षक पुष्कळ काढतात. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु छायाचित्रांखालील मजकुराचे तसे कौतुक करवत नाही. ‘विंचू अंधारात चमकतो’ हे विधान काजव्याला शोभेल. विंचवाजवळ स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्या कवचाच्या बाह्य थरात आढळलेली बीटा-कार्बोलीन आणि कुमारिन वर्गातील संयुगे अदृश्य किरण शोषून घेऊन अधिक तरंगलांबीचा दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. विजेरी विझली की तोही विझतो. नुकतीच कात टाकलेला विंचू तर कवच कठीण होईपर्यंत जवळजवळ उजळतच नाही.

ह्या व्यापारास जॉर्ज स्टोक्स ह्यांनी १८५२ साली फ्लुओरस्पार ह्या खनिजावरून ‘फ्लुओरेसन्स’ असे नाव दिले. त्या नावात खनिज आहे, क्रिया नाही. आपला ‘प्रतिदीप्ती’ हा शब्द ह्या बाबतीत मुळाहून सरस होय, कारण ‘प्रति’ ह्या उपसर्गाने बाहेरून आलेल्या प्रकाशाला मिळालेले उत्तर सूचित होते. असा शब्द हाताशी असताना मथळे लिहिणारे तो का टाळतात, हे कळत नाही.

‘अतिनील’विषयी मात्र असे म्हणता येणार नाही. ‘अतींद्रिय’ शब्दाप्रमाणे येथेही ‘अति’ म्हणजे ‘पलीकडचे’ असे व्युत्पत्ती सांगेल. पण मराठी कानाला ‘अतिशय निळे’ असेच ऐकू येते. ‘जंबुपार’ ह्या शब्दात ही गफलत संभवत नाही. जांभळ्याच्या पार, म्हणजे दृष्टीआड.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ३९५ नॅनोमीटरची स्वस्त विजेरी जांभळा दृश्य प्रकाशही सांडते. तो दगडमातीवरून परावर्तित होऊन सारे चित्र जांभळे करतो, आणि ‘अतिनील’ शब्दाच्या आहारी गेलेला प्रेक्षक त्यालाच त्या किरणांची खूण समजतो. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याला दृश्य प्रकाश अडविणारी आणि भिंगाला जंबुपार अडविणारी गाळणी लावली, तर प्रतिदीप्तिहीन बेसाल्ट चित्रात जवळजवळ काळाच राहिला पाहिजे. तो जांभळा उमटला असेल, तर विंचवाच्या रंगाविषयी त्या चित्राची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. विजेरीची तरंगलांबी, गाळण्या आणि प्रकाशनकाल ह्यांची नोंद नसलेले छायाचित्र संशोधकाने प्रबंधात आधार म्हणून घेऊ नये. आणि खालच्या मजकुरात, ‘चमकतो’ऐवजी, निदान ‘उजळतो’ लिहावे.