शिधापत्रिका : सनद कीं साक्ष ?
(ब्रिटनच्या अन्ननियंत्रणावरील एका ग्रंथाचें परीक्षण)

‘ऑस्टेरिटी इन ब्रिटन : रेशनिंग, कंट्रोल्स अँड कन्झम्प्शन, १९३९–१९५५’ हा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें सन २००० मध्यें प्रसिद्ध केला. लेखिका ईना त्स्वाइनिगर-बार्गिएलोव्स्का. रुमालांतील जीर्ण कागद उलगडणाऱ्या आमच्या वाचकांस विलायतेंतील लोणी-साखरेच्या शिध्याचा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. परंतु सरकारी कागद आणि लोकांचा प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर किती, हा जो आपल्या अभ्यासांतील नित्याचा प्रश्न, तोच येथें एका अर्वाचीन राष्ट्राच्या दप्तरावरून उभा राहिला आहे. म्हणून त्याची चर्चा येथें अस्थानीं होणार नाहीं.

हकीकत थोडक्यांत अशी. ८ जानेवारी १९४० रोजीं बेकन, लोणी व साखर यांपासून शिधावांटपास आरंभ झाला. गिऱ्हाइकानें ठराविक दुकानदाराकडे नांव नोंदवावें, व नोंदलेल्या संख्येच्या मानानें दुकानदारास माल मिळावा, अशी रीत होती. डिसेंबर १९४१ पासून डबाबंद वगैरे जिनसांकरितां ‘पॉइंट’ देण्यांत येऊं लागले. ते कशावर खर्चावे हें ज्याचें त्यानें ठरवावें. युद्ध १९४५ त संपलें, पण शिधा संपला नाहीं. उलट, युद्धकाळांत कधींहि नसलेलें पावाचें नियंत्रण २१ जुलै १९४६ रोजीं सुरू होऊन जुलै १९४८ पर्यंत चाललें. मिठाईवरील बंधन एप्रिल १९४९ मध्यें उठविलें, तों मागणी अशी उसळली कीं ऑगस्टांत तें पुन्हा घालावें लागलें. शेवटीं ४ जुलै १९५४ रोजीं मांस मोकळें झालें, तेव्हां हें प्रकरण आटोपलें. युद्धांतील साडेपांच वर्षांमागें शांततेचीं नऊ वर्षें !

या विषयावर आर. जे. हॅमंड यांचा तीन खंडांचा सरकारी इतिहास १९५१ ते १९६२ या काळांत निघाला. तो कचेरीच्या खिडकींतून पाहतो; प्रस्तुत ग्रंथ रांगेंत उभ्या असलेल्या गृहिणीच्या बाजूनें पाहतो. अन्नखात्याचीं दप्तरें, लोकमताच्या पाहण्या व ‘मास-ऑब्झर्वेशन’ या संस्थेनें जमविलेलीं टिपणें यांचा लेखिकाबाईंनीं कसून उपयोग केला आहे. ‘सर्वांस सारखा वांटा’ ही घोषणा दुकानाच्या दारापर्यंत खरी होती. दाराच्या आंत ओझें सारखें नव्हतें. नवऱ्यास व मुलांस वाढून उरेल तें स्त्रीनें खावें, आणि रांगेंतील वेळहि तिनेंच घालवावा, हें त्यांनीं सप्रमाण दाखविलें. हें या ग्रंथाचें श्रेय निर्विवाद आहे.

आमचा मतभेद पावाच्या प्रकरणापासून सुरू होतो. या नियंत्रणानें गव्हाची बचत थोडी झाली व सरकारची अप्रीति मात्र मोठी झाली, असा बाईंचा निष्कर्ष आहे. बचतीपुरता तो खरा. पण केवळ वांचलेल्या गव्हानें हा निर्णय मोजणें एकांगी होय. कोष्ठागारांतील अर्धें धान्य प्रजेच्या आपत्तीसाठीं राखावें असें कौटिल्य सांगतो; ब्रिटनच्या अन्नमंत्र्याचें कोष्ठागार समुद्रापलीकडे होतें, आणि त्याची किल्ली डॉलर ही होती. मे १९४६ मध्यें हर्बर्ट मॉरिसन यांनीं वॉशिंग्टनला जाऊन ब्रिटनच्या वांट्यांतील २ लक्ष टन गहू सोडण्याचें मान्य केलें. जर्मनींतील ब्रिटिश अंमलाचा प्रदेश व हिंदुस्थान यांची निकड त्यामागें होती, आणि बंगालच्या १९४३ च्या दुष्काळास तेव्हां तीनच वर्षें झालीं होतीं. दुसऱ्यांकडे धान्य मागणाऱ्यानें स्वतःचें पान आंखडून दाखविलें पाहिजे, हाहि त्या निर्णयाचा एक अर्थ होता. घरच्या रांगेवर दृष्टि खिळली म्हणजे तो निसटतो.

दुसरी शंका प्रमाणांविषयीं. काळा बाजार सर्वत्र पसरला होता हें बाईंचें मत आम्हांस मान्य आहे; पण खटल्यांच्या संख्येवरून त्याचें मान ठरवितांना फार जपलें पाहिजे. खटले वाढले म्हणजे गुन्हे वाढले, कीं तपासनीस वाढले, हें आंकडा स्वतः सांगत नाहीं. धुरावरून अग्नीचें अनुमान होतें. अग्नि केवढा याचें होत नाहीं.

तिसरा मुद्दा राजकारणाचा. नियंत्रणास कंटाळलेल्या मतदारांनीं, विशेषतः स्त्रियांनीं, मजूरपक्षास सत्तेवरून उतरविलें, असा ग्रंथाचा कल आहे. परंतु १९५१ च्या निवडणुकींत मजूरपक्षास सुमारें १ कोटी ३९ लक्ष मतें पडलीं, व हुजूरपक्षास सुमारें १ कोटी ३७ लक्ष. जागा मात्र अनुक्रमें २९५ व ३२१. मजूरपक्षाचीं मतें १९५० पेक्षां वाढलींच होतीं. १९५० त ४७५ उमेदवार उभे करणाऱ्या लिबरल पक्षानें १९५१ त अवघे १०९ उभे केले, ही गोष्ट कारणांच्या यादींत वरच्या जागीं हवी. शिवाय नव्या सरकारासहि मांस मोकळें करण्यास पावणेतीन वर्षें लागलीं. यावरून अडचण पक्षापेक्षां पुरवठ्याची होती असें दिसतें.

संग्राहकांसाठीं एक सूचना. त्या काळची शिधापुस्तिका कोणाच्या हातीं आली, तर ती सनदेप्रमाणें वाचावी. इनामाची सनद मिळाली म्हणजे गांवचा वसूल हातीं आलाच असें नव्हे. तीवरून हक्क किती होता तें कळतें, पोटांत किती गेलें तें कळत नाहीं. साधारण प्रौढास आठवड्यास ९ ‘ब्रेड युनिट’, तर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषास १५, असें प्रमाण होतें. परंतु नको असलेलीं युनिटें देऊन पॉइंट घेतां येत. तेव्हां वापरलेल्या युनिटावरून पाव खाल्ल्याचें सिद्ध होत नाहीं. सनद, तक्रार आणि खटला हे तीन निराळे साक्षीदार आहेत. तिघांची उलटतपासणी करून मगच निवाडा द्यावा. या ग्रंथानें दुसऱ्या साक्षीदारास प्रथमच पुरतें बोलूं दिलें, एवढ्यासाठीं तो संग्राह्य आहे. निवाडा मात्र वाचकानें आपल्या हातीं ठेवावा.