माचिस्ते : पडद्यावरून उतरलेला महाबली

मूकपटांतील बलदंड नायक म्हणजे पोरासोरांच्या टाळ्यांचा विषय, असे समजून आपले टीकाकार त्याला दारातूनच परत पाठवितात. १९१५ सालचा ‘माचिस्ते’ हा इटालियन मूकपट मात्र इतक्या सहजी निकालात काढता येण्याजोगा नाही, असे आम्हांस वाटते.

त्याची पूर्वपीठिका अशी. तुरीनच्या इटाला फिल्म या संस्थेने १९१४ साली जोव्हान्नी पास्त्रोने यांच्या दिग्दर्शनाखाली ‘काबिरिया’ हा रोम-कार्थेज युद्धकाळातील भव्य चित्रपट काढला. त्यातील एका रोमन सरदाराचा गुलाम माचिस्ते. ही भूमिका केली बार्तोलोमेओ पागानो या जेनोआच्या गोदीतील कामगाराने. दान्नुन्त्सिओसारख्या कवीचे नाव चित्रपटाला जोडलेले असूनही प्रेक्षकांच्या मनात घर केले ते या गोदी कामगाराने! दुसऱ्याच वर्षी बोर्न्येत्तो आणि देनिझो या दिग्दर्शकद्वयाने केवळ त्याच्यासाठी नवा चित्रपट उभा केला.

त्यातील कल्पना मोठी चतुर आहे. दुष्टांच्या ससेमिऱ्यातून निसटलेली एक तरुणी चित्रपटगृहात आश्रय घेते. तेथे ‘काबिरिया’च चालू असतो. पडद्यावरील महाबलीला पाहून ती थेट इटाला कंपनीकडे साहाय्याचे पत्र धाडते, आणि तो नट खरोखरीच तिच्या रक्षणार्थ सिद्ध होतो. (अर्जाचा इतका त्वरित निकाल लागलेला आम्ही तरी कोठल्याही कचेरीत पाहिलेला नाही.) पुढील हाणामारी आणि सुटका ठराविक साच्याचीच आहे, तिच्यात पागानोचे मिस्कील हसू तेवढे लक्षात राहते.

परंतु एक गोष्ट आम्हांस स्वस्थ बसू देत नाही. ‘काबिरिया’तील माचिस्ते काळा होता, पागानोच्या अंगाला रंग फासून तो तसा केला होता. जात्याला जखडलेला, वर्षानुवर्षे ते ओढणारा तो गुलाम वर्षभरातच गोरा, सुटाबुटातला गृहस्थ होऊन येतो, आणि याबद्दल चित्रपट अवाक्षर काढीत नाही. नट म्हणून तो गोराच, हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ती तरुणी हाक मारते ती नटाला नव्हे, त्या गुलामाला. १९११-१२ साली लिबिया जिंकावयास निघालेल्या इटलीला आपला तारणहार आफ्रिकी रंगाचा परवडणारा नव्हता, असेच आम्ही यातून वाचतो. १९१६ च्या ‘माचिस्ते आल्पिनो’त तर तो इटालियन सैनिकाचा गणवेश चढवून ऑस्ट्रियाच्या शिपायांना उचलून फेकतो. त्या चित्रपटात जात्याची आठवणही कोणास होत नाही.