उत्कंठेचे मोल : व्यावसायिक कुस्तीच्या शैली आणि खेळाडूची सुरक्षितता

प्रस्तावना

व्यावसायिक कुस्तीला क्रीडा मानावे की नाट्य, हा प्रश्न मराठी समीक्षेने क्वचितच हाताळला आहे. 'फ्री स्टाइल' या शब्दाचा आपल्याकडील प्रवास मात्र बोलका आहे. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे ज्या मुक्त शैलीत कांस्यपदक मिळविले ती काटेकोर नियमांनी बांधलेली आहे. मराठी वृत्तपत्रांतील 'फ्री स्टाइल' म्हणजे मात्र सभागृहातील वा रस्त्यावरील बेबंद हाणामारी. या दुसऱ्या अर्थावर व्यावसायिक कुस्तीच्या दंगलींची छाया आहे, असे मानावयास जागा आहे. वस्तुतः बेबंद वाटणारी ही कुस्ती अत्यंत परस्परावलंबी असते. उचललेल्या मल्लाची मान उचलणाऱ्याच्या हाती असते; पडणाऱ्याने हनुवटी छातीशी घेऊन, हात पसरून, आघात संपूर्ण पाठीवर विभागून घ्यावयाचा असतो. प्रतिस्पर्धी हाच येथे रक्षक असतो.

सुरक्षितता वाढली की उत्कंठा घटते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. उत्कंठा एकाच जातीची नसते. कोणती शैली कोणत्या जातीची उत्कंठा निर्माण करते, यावर खेळाडूच्या शरीराला द्यावी लागणारी किंमत ठरते, असे येथे प्रतिपादन आहे.

बार्थ यांची मांडणी आणि तिची मर्यादा

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध निबंध फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांचा. 'मिथॉलॉजीज' (१९५७) या त्यांच्या ग्रंथाचा आरंभच कुस्तीवरील निबंधाने होतो. कुस्ती ही स्पर्धा नसून दृश्यप्रयोग आहे. प्रेक्षकाला निकाल खरा की ठरविलेला याची फिकीर नसते, त्याला वेदना, पराभव आणि न्याय यांचे स्पष्ट चिन्ह हवे असते, हे त्यांचे मर्मदर्शन आजही टिकून आहे. परंतु चिन्हाचा विचार करताना ते चिन्ह वाहणाऱ्या देहाचा विचार बार्थ करीत नाहीत. रंगमंचावरचा घाव अभिनयाने दाखविता येतो. आखाड्यातील पडणे मात्र अभिनय असूनही खरोखरचे पडणे असते. मणक्याला संहिता कळत नाही.

ही उणीव भारतीय परंपरेने पुष्कळ आधी ओळखली होती. नाट्यशास्त्रात शस्त्रप्रयोगाच्या 'न्यायां'चे विवेचन करताना भरताने रंगमंचावर प्रत्यक्ष छेदन, भेदन आणि रक्तस्राव निषिद्ध ठरविला आहे. प्रहार अभिनयानेच सूचित करावा, असा त्याचा दंडक आहे. म्हणजे नटाची सुरक्षितता ही रसनिष्पत्तीतील अडचण नसून तिची पूर्वअट आहे.

अर्थाची उत्कंठा : मुंबईचा आखाडा

मुंबईतील दारासिंग यांच्या लढती या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोग्या आहेत. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि हंगेरीत जन्मलेला किंगकाँग यांच्या जोडीने गर्दी खेचली. तिचे आकर्षण पात्ररचनेत होते : एका बाजूस अवाढव्य, गुरगुरणारा परकीय, तर दुसऱ्या बाजूस धिप्पाड पण सौम्य देशी मल्ल. १९६२ साली दारासिंगांच्या नायकपदाखाली 'किंगकाँग' हा हिंदी चित्रपट निघाला, यावरून त्या नावाचे वलय लक्षात येते.

१९६८ साली मुंबईतच दारासिंगांनी लू थेझ यांना नमविले. थेझ तेव्हा ५२ वर्षांचे होते. याच थेझ यांनी १९९० साली, वयाच्या ७४ व्या वर्षी, जपानमध्ये अखेरची लढत दिली. पकड, सुटका आणि प्रतिपकड यांवर उभ्या असलेल्या शैलीत मल्लाचे शरीर किती काळ टिकू शकते, याचे हे उदाहरण आहे. ही उत्कंठा 'आता काय होईल?' या संशयातून निर्माण होते. तिला मी 'अर्थाची उत्कंठा' म्हणतो. ती पुनःपुन्हा निर्माण करता येते, कारण कथा नवी असली की जुनी पकडही नवी वाटते.

आपल्या मातीतील कुस्तीही याच सूत्राला धरून आहे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात (१९१२) काटा कुस्ती रंगते ती तुल्यबळ जोडीमुळे. आखाड्याची माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ राखली जाते, आणि त्या मऊपणामुळे कुस्ती बेचव झाल्याची तक्रार कोणी केलेली नाही.

परिमाणाची उत्कंठा

याउलट १९९० च्या दशकात उंची, आघात आणि वेग या मोजता येणाऱ्या गोष्टींवर उत्कंठा बेतली जाऊ लागली. २८ जून १९९८ रोजी पिट्सबर्ग येथे मिक फोली यांना सुमारे १६ फूट उंच पिंजऱ्यावरून खाली फेकण्यात आले. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट यांना छतावरून दोराने खाली आणण्याचा प्रवेश योजला होता. बंध सुटून त्यांचा मृत्यू झाला. तो प्रवेश कुस्तीचा भागही नव्हता, केवळ आगमनाची शोभा होती. कार्यक्रम मात्र त्यानंतरही पुढे चालू राहिला.

जपानमधील उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. मित्सुहारू मिसावा यांच्या लढती कथादृष्ट्या समृद्ध होत्या. परंतु कालच्या फेकीने लढत संपत नाही हे प्रेक्षकाला कळले की आज अधिक तीव्र, अधिक मानेवरची फेक लागे. १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथे अशाच एका फेकीनंतर मिसावा कोसळले आणि वयाच्या ४६ व्या वर्षी निधन पावले. परिमाणाची उत्कंठा कर्जासारखी असते; कालचे व्याज फेडण्यासाठी आज अधिक उचलावे लागते. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या कुस्ती-कंपनीने २०१० साली डोक्यावर खुर्ची मारण्यास बंदी घातली, तरी प्रेक्षक घरी बसला नाही, ही बाब लक्षणीय आहे.

यावर आक्षेप घेता येईल की, जोखीम मल्ल स्वखुशीने पत्करतो. परंतु हे मल्ल बहुधा 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणून नोंदलेले असतात. नकार दिल्यास संधी दुसऱ्याकडे जाते. अशा स्थितीतील संमतीला निखळ संमती म्हणणे कठीण आहे.

आपल्या अंगणातील प्रश्न

मीरा-भाईंदरसारख्या उपनगरातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. पुण्यात चित्रित झालेली 'रिंग का किंग' ही मालिका २०१२ साली एका पर्वानंतर थांबली. पण परिमाणाची उत्कंठा आपल्याकडे दहीहंडीच्या थरांत नांदते आहे. २०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थरांचा, ४३.७९ फुटांचा विक्रम केला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची आणि १८ वर्षे वयाची मर्यादा घातली, २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिथिल करण्यास नकार दिला. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन न घालता १४ वर्षांखालील मुलांना मनाई केली. २०२२ साली राज्य शासनाने या उत्सवाला साहसी क्रीडेचा दर्जा जाहीर केला. पुढच्याच वर्षी गोविंदांची व्यावसायिक लीग वरळीच्या त्याच स्टेडियममध्ये भरली, जेथे कधीकाळी दारासिंग आणि किंगकाँग लढले.

शिरस्त्राण, दोर, गादी, विमा हे सर्व आवश्यकच आहे. तथापि बक्षीस थरांच्या संख्येला जोडलेले असेतो ही साधने केवळ पुढच्या थराची सोय करतात. रचनेतील सफाई, उतरण्यातील शिस्त, एकही गोविंदा न पडता झालेली सलामी यांना गुण देणारी मोजपट्टी निर्माण झाली, तरच उत्कंठा परिमाणाकडून अर्थाकडे वळेल.

समारोप

सुरक्षितता आणि उत्कंठा यांत मूलतः वैर नाही. वैर आहे ते सुरक्षितता आणि विक्रमाच्या हव्यासात. समीक्षकाने प्रयोगाचे मूल्यमापन करताना 'काय दिसले?' याबरोबरच 'कोणाच्या देहावर दिसले?' हेही विचारले पाहिजे. थरांत उभे राहणाऱ्यांत आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थी असतात. म्हणून हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाइतकाच अध्यापकाचाही आहे.