मुद्रेबाहेरची नावे : आंबेडकरी गायकांच्या स्मरणलेखनासंबंधी

आंबेडकरी जलशाचे महत्त्व सांगताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. आपल्या दहा सभांचे कार्य शाहिरांचा एक जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढल्याचे परंपरा सांगते. हा दाखला आपण अभिमानाने देतो. परंतु त्या जलशात ढोलकी कोणाच्या हाती होती, मागे झील कोण धरीत होते, असे कोणी विचारल्यास आपणास निरुत्तर व्हावे लागते. परंपरेचा गौरव झाला, परंपरा वाहणारी माणसे मात्र अनाम राहिली. प्रस्तुत लेखाचा विषय हीच विसंगती होय.

या विस्मरणाचे एक कारण गीताच्या रचनेतच आहे. मराठी शाहिरीच्या रीतीप्रमाणे कवी शेवटच्या कडव्यात आपली नाममुद्रा गुंफतो. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्या गीतांतील ‘वामन’ ही मुद्रा महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत ओळखीची आहे. गीत ज्या गावी गेले, त्या गावी कवीचे नावही गेले. गायकाला मात्र मुद्रा नाही. पेटीवाला, ढोलकीवाला आणि झीलकरी यांना तर नाहीच. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांचे आवाज ध्वनिमुद्रणामुळे टिकले. ज्यांचा आवाज यंत्रापर्यंत पोहोचलाच नाही, त्यांच्यासाठी स्मरण हाच एक आधार होता, आणि तोच आपण दुबळा ठेवला.

लोहा, कंधार, नांदेड या परिसराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. नाशिक-मुंबईकडे जलशांनी १९३० नंतरच्या दशकात जोम धरला. मराठवाड्याची वाट वेगळी होती. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा तमाशाच्या फडांसाठी आणि लावणीसाठी प्रसिद्ध आहे. गावगाड्यात हलगी वाजविणे हे महारांच्या व मांगांच्या वाट्याला आलेले काम होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांनी गावकीची कामे नाकारली, तेव्हा लाचारीचे वादन सुटले. परंतु हातातील ताल सुटला नाही. तो भजनी मंडळांत, गायन पार्ट्यांत आणि कव्वालीच्या मुकाबल्यांत उतरला. गणाच्या जागी बुद्ध-भीमवंदना आली, सवाल-जवाबात शिक्षण, व्यसनमुक्ती व धम्म हे विषय आले. वाद्ये बव्हंशी जुनीच राहिली, त्यांचा अर्थ मात्र पालटला. हे स्थित्यंतर ज्यांनी घडविले, ते दिवसा मजुरी करून रात्री गाणारे लोक होते.

नामांतर आंदोलनाने या गायकांची कसोटी पाहिली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केल्यानंतर जो हिंसाचार उसळला, त्यात नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. अशा काळात गाणे म्हणणे हे धाडस होते. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील शाहीर आत्माराम साळवे हे त्या धाडसाचे ठळक उदाहरण होय. त्यांच्या शाहिरीने नामांतराचा लढा मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांत नेला. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार त्यांना पाहता आला नाही. मराठवाड्याबाहेर त्यांचे नाव किती वाचकांना ठाऊक आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा.

आता स्मरणलेखनाच्या गुणदोषांकडे वळू. जयंती विशेषांकांतून ‘उपेक्षित शाहीर’ या स्वरूपाचे लेख नेहमी येतात. त्यांमागील तळमळ निर्विवाद आहे. परंतु असे पुष्कळ लेख दारिद्र्य, व्यसन, आजारपण आणि शासनाचे दुर्लक्ष या चार विधानांत संपतात. तो कलावंत कोणत्या पट्टीत गात असे, चाल कोठून घेई व तिच्यात काय बदल करी, गुरू कोण, साथीला कोण, कोणत्या गावी कोणत्या गीतावर रात्र जागली, याविषयी त्यांत अक्षरही नसते. वाचकाच्या मनात करुणा उत्पन्न होते, पण कलावंत उभा राहत नाही. दयेने लिहिलेले चरित्रही माणसाला दुसऱ्यांदा अनाम करते, असे म्हणावे लागते.

याउलट भीमराव कर्डक यांचा ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ (१९७८) हा ग्रंथ पाहावा. स्वतः जलसाकार असलेल्या माणसाने आपल्या चळवळीचा वृत्तांत लिहिल्यामुळे त्याला साक्षीचे मोल प्राप्त झाले आहे. दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर व गी पॉइटव्हॅं यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यात माजलगावच्या भीमनगरातील राधाबाई बोऱ्हाडे यांनी १९९६ मध्ये गायिलेल्या बाबासाहेबांवरील ओव्या आहेत. तेथे ओवीबरोबर गाणारणीचे नाव व गाव नोंदले गेले, म्हणून मुद्रा नसूनही ती बाई हरवली नाही. नोंदीची शिस्त एवढी साधी असते.

येथे एक आक्षेप संभवतो. अनात्मवाद मानणाऱ्यांनी नावाचा एवढा आग्रह का धरावा? आक्षेप वरवर योग्य वाटतो. पण पाली वाङ्मय त्याला उत्तर देते. थेरगाथा व थेरीगाथा यांत गाथा ज्या त्या थेराच्या व थेरीच्या नावाने जतन झाल्या आहेत. सफाईचे हीन मानलेले काम करणारा सुनीत आणि पाणी भरणारी दासी पुण्णिका यांची नावे त्यामुळेच आपणापर्यंत आली. नटांच्या मेळ्याचा नायक तालपुट हाही थेरगाथेत आपल्या नावाने आहे, आणि त्याच्या गाथा त्या संग्रहातील दीर्घ गाथांपैकी आहेत. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख बेलुवपंडु वीणा वाजवीत गातो, तेव्हा भगवंत त्याच्या तारांचा स्वर व कंठाचा स्वर एकमेकांशी कसे मिळून आहेत, याची प्रशंसा करतात. साथीकडे कान देण्याचा हा दाखला आपल्याच परंपरेत आहे. नाव जपणे म्हणजे अहंकार जोपासणे नव्हे. ती कृतज्ञता होय.

धम्मदीक्षेच्या काळात तरुण असलेली पिढी आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. नामांतराच्या काळात गाणारेही वृद्ध झाले आहेत. विहारात ध्वनिक्षेपकावर गीत लागते, पण तेच गीत गावात प्रथम म्हणणारा मागच्या गल्लीत असतो, हे मुलांना माहीत नसते. वर्षावासाच्या तीन महिन्यांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन गावोगाव होते. त्याच काळात प्रत्येक विहाराने एक वही ठेवावी. गायक, वादक, झीलकरी, स्त्री असो वा पुरुष, प्रत्येकाचे नाव, गाव, वाद्य, गुरू, साथीदार, उपजीविका व पाठ असलेली गीते तीत लिहावीत. जो गाऊ शकतो, त्याचा आवाज भ्रमणध्वनीवर मुद्रित करावा. त्यासाठी आज अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. लेख मागाहून लिहिता येतील, पण माणूस गेल्यावर वही भरता येत नाही.